आवाज कमी करायला वीज लागत नाही

सीडी प्लेयर किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल करून देणारा डबा) पूर्ण जोरात असतो तेव्हा त्याच्या मागच्या आरसीए सॉकेटातून साधारण २ व्होल्टचा सिग्नल निघतो. घरच्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला पूर्ण ताकदीनं वाजायला बहुधा १ ते दीड व्होल्ट पुरतो. म्हणजे लागतो त्यापेक्षा जास्तच सिग्नल आधीपासून आपल्या हातात आहे. तरीही दोघांच्या मध्ये प्रीअ‍ॅम्प्लिफायर हवाच, असं अजून सर्रास सांगितलं जातं. रेकॉर्ड प्लेयरच्या काळात ते बरोबर होतं, कारण तिथे पिनेतून जेमतेम काही मिलिव्होल्ट यायचे आणि ते वाढवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आज टीव्ही, फोन, डॅक यांपैकी काहीही लावा, वाढवायचं काम जवळपास उरलेलंच नाही. उरलंय ते फक्त कमी करणं. आणि कमी करायला ट्रान्सफॉर्मर लागत नाही, आयसी लागत नाही, वीजही लागत नाही. एक पॉट (नॉबनं फिरवायचा बदलता रेझिस्टर), चार सॉकेटं आणि एक डबी, एवढ्यात काम होतं. यालाच पॅसिव्ह व्हॉल्यूम कंट्रोल म्हणतात.

आमच्या बेळगाव भागात ही गरज दोन वाटांनी येते. काही घरांत वडिलांच्या वेळचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्याचा पुढचा भाग मेलेला, पण पॉवरचा भाग अजून धडधाकट. दुसरीकडे खानापूर-निपाणीकडची पोरं ऑनलाइन क्लास-डी बोर्ड (अ‍ॅम्प्लिफायरची सुटी पाटी) मागवतात, अ‍ॅडॉप्टर लावतात, स्पीकर जोडतात आणि मग लक्षात येतं की बोर्डाला नॉबच नाही. मग आवाज फोनवरूनच कमी-जास्त करायचा. तो चालतो, नाही असं नाही, पण डिजिटल आवाज कमी करताना दर ६ डेसिबलला साधारण एक बिट खर्ची पडतो. १६ बिटचं गाणं १६ बिटांतच ३० डेसिबल खाली आणलं तर पाच बिट गेले. चांगल्या २४ बिट डॅकला त्याची फिकीर नसते. साध्या टीव्हीच्या किंवा स्वस्त डोंगलच्या बाबतीत मात्र हातानं फिरवायचा खरा नॉब केव्हाही बरा. शिवाय फोनवर चुकून बोट लागून एकदम पूर्ण आवाज सुटतो, ती धास्ती जाते.

आधी किती कमी करायचंय ते बघू. बऱ्याच पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचा गेन २६ डेसिबल असतो, म्हणजे आत गेलेला व्होल्टेज वीसपट होऊन बाहेर येतो. २ व्होल्टचे ४० व्होल्ट. ८ ओहमच्या स्पीकरवर ४० व्होल्ट म्हणजे २०० वॅट. बेळगावच्या शहापुरात किंवा खडे बाजारच्या आसपास भिंतीला भिंत लागून घरं आहेत, तिथे २०० वॅट कोण वाजवणार? रात्री जेवणं आटोपल्यावर निवांत ऐकायला १ वॅटसुद्धा भरपूर होतो. ८ ओहमवर १ वॅट म्हणजे २.८३ व्होल्ट. त्याला वीसनं भागलं की ०.१४ व्होल्ट. तेव्हा आपल्या डबीचं रोजचं काम २ व्होल्टचे ०.१४ व्होल्ट करणं, चौदापट कापणं, साधारण २३ डेसिबल. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पॉटच्या आत कार्बनचा एक घोड्याच्या नालासारखा पट्टा असतो. पट्ट्याच्या दोन टोकांना दोन पाय, आणि पट्ट्यावरून सरकणारा एक मधला पाय, त्याला वायपर म्हणतात. एका टोकाला सिग्नल द्यायचा, दुसरं टोक ग्राउंडला, आणि मधल्या पायातून हवा तेवढा सिग्नल काढून घ्यायचा. वायपरच्या वर किती रेझिस्टन्स राहिला आणि खाली किती राहिला, या हिशेबानं व्होल्टेजची वाटणी होते. वर ९ के (के म्हणजे हजार ओहम) आणि खाली १ के असेल तर एक दशांश सिग्नल बाहेर येतो, म्हणजे २० डेसिबल कमी. स्टिरिओला डावं-उजवं दोन्ही लागतात, म्हणून एकाच दांड्यावर दोन पॉट बसवलेला डबल गँगचा पॉट घ्यायचा.

घेताना त्यावरचं अक्षर बघा. आजकाल दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पॉटवर ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनिअर. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल वाढवावे लागतात, म्हणजे दहापट पॉवर. कान असा गुणाकारानं ऐकतो, म्हणून पॉटचा पट्टाही तसाच असावा लागतो. लिनिअर पॉट लावला तर नळाची तोटी जराशी फिरवली की पूर्ण पाणी सुटावं तसं होतं. पहिल्या थोड्याशा फिरवण्यातच सगळा आवाज येतो आणि पुढचा पाऊण नॉब नुसता शोभेला. छापील अक्षरावर विसंबायचं नसेल तर मल्टिमीटरनं तपासा. नॉब बरोबर मध्ये ठेवा आणि मधला पाय ते ग्राउंडचं टोक मोजा. लिनिअर असेल तर एकूण रेझिस्टन्सच्या निम्मा दिसेल, लॉग असेल तर दहा-पंधरा टक्के.

बेळगावात सुट्या भागांचं दुकान सापडायला अडचण नाही. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ. काउंटरवर संवाद साधारण असा होतो: "अण्णा, दहा के, ए, डबल आहे का?" "ए नाही, बी आहे. चालतंय, घ्या की." घ्यायलाही हरकत नाही, त्यावर तोड आहे. १०० केचा लिनिअर पॉट घ्या आणि प्रत्येक गँगच्या मधल्या पायापासून ग्राउंडला १५ केचा रेझिस्टर लावा. आता नॉब मध्ये असताना खालची बाजू ५० के आणि १५ के समांतर, म्हणजे साडेअकरा के. वरची ५० के. आवाज साधारण साडेचौदा डेसिबल खाली येतो. नुसत्या लिनिअरला तो ६ डेसिबलच खाली आला असता. अस्सल लॉग नसलं तरी हाताला बरंच तसं लागतं, आणि स्वस्तातल्या लॉग पॉटपेक्षा डावं-उजवं जास्त सारखं निघतं, कारण लिनिअर पट्टा बनवायला सोपा असतो.

आता खरा मुद्दा, पॉट किती केचा. पॅसिव्ह कंट्रोलबद्दल लोकांची मतं टोकाची असतात. एक म्हणतो यासारखा स्वच्छ आवाज नाही, दुसरा म्हणतो आवाज मेला, वरचे सूर बोथट झाले. बहुतेक वेळा दोघंही खरं सांगत असतात, फक्त दोघांचे पॉट वेगवेगळ्या केचे असतात.

प्रीअ‍ॅम्प्लिफायर मागून जोर लावतो, पुढे काही जोडलं तरी त्याचा व्होल्टेज ढळत नाही. पॉटला स्वतःचा जोर नाही. त्याच्या पुढे जे काही जोडाल ते पॉटच्या रेझिस्टन्समधूनच भरून निघायला हवं. सोर्सचा, म्हणजे मागच्या सीडी प्लेयर-डॅकचा, स्वतःचा रेझिस्टन्स नगण्य धरला तर पॉटच्या तोंडाशी, म्हणजे मधल्या पायातून बाहेर पडताना, सर्वांत जास्त रेझिस्टन्स ६ डेसिबल कमी असताना दिसतो आणि तो पॉटच्या एकूण रेझिस्टन्सच्या पाव असतो. १० केच्या पॉटला अडीच के, ५० केला साडेबारा, १०० केला २५ के.

यापुढे आहे केबल. साध्या शिल्डेड केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. काही केबलींना कमी, काहींना बराच जास्त. २५ के रेझिस्टन्स आणि ३ मीटर केबलचे ३०० पिकोफॅरड मिळून एक फिल्टर तयार होतो, तो सुमारे २१ किलोहर्ट्झला ३ डेसिबल कापतो. कुणी म्हणेल, २१ किलोहर्ट्झ ऐकू कुठे येतं? पण फिल्टर भिंतीसारखा एका जागी उभा राहत नाही, खूप आधीपासून उतरू लागतो. १० किलोहर्ट्झलाच जवळपास ०.९ डेसिबल गेलेले असतात. केबल ५ मीटर केली तर ही मर्यादा पावणेतेरा किलोहर्ट्झच्या आसपास येते आणि १० किलोहर्ट्झला २ डेसिबल जातात. टाळ-झांजांची किनार, तंबोऱ्याच्या जवारीची वरची झिणझिण नेमकी तिथे राहते. त्याच ५ मीटर केबलमागे १० केचा पॉट असेल तर मर्यादा सुमारे १२७ किलोहर्ट्झला जाते. काही जात नाही. हा सगळा सर्वांत वाईट अवस्थेचा हिशेब झाला. नॉब २० डेसिबल खाली असताना १०० केच्या पॉटचा २५ ऐवजी ९ केच दिसतो. म्हणून काही जणांना हा दोष रात्री जाणवत नाही आणि दिवसा मोठ्यानं लावलं की जाणवतो.

केबलचं हे गणित फक्त डबीच्या पुढच्या केबलला लागू आहे. सोर्स ते डबी या केबलला सोर्सचा दोन-चारशे ओहमचाच रेझिस्टन्स दिसतो, ती लांब असली तरी बिघडत नाही. म्हणून डबी अ‍ॅम्प्लिफायरच्या जवळ ठेवा.

दुसरं, अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची इनपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याच्या इनपुटचा रेझिस्टन्स. जुन्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरची ती बरेचदा ४७ के असते. तिच्यापुढे १० केचा पॉट लावला तर अर्ध्या डेसिबलचाही फरक पडत नाही. क्लास-डी बोर्डांची गोष्ट वेगळी. टीपीए ३११६ या चिपचे बोर्ड सगळीकडे मिळतात. तिचा गेन २६ डेसिबलवर ठेवला असेल तर इनपुट ३० केचा, ३२ वर १५ केचा आणि ३६ वर फक्त ९ केचा असतो. अशा १५ केच्या बोर्डापुढे १०० केचा लॉग पॉट लावून बघा. नॉब बराच वर नेईपर्यंत आवाज दबलेला राहतो आणि शेवटी एकदम उसळतो. बोर्ड खराब आहे म्हणून लोक परत पाठवतात आणि दोष असतो पॉट चुकीच्या केचा असण्याचा. अशा बोर्डाचा गेन बदलायची सोय असेल तर तो २० किंवा २६ डेसिबलवर आणा. इनपुटही सुधारतो आणि स्पीकरमधली सुरसुरही कमी होते.

मग १ केचाच पॉट का लावू नये? कारण मागच्या बाजूला सोर्सही आहे. त्याला तो सगळा भार ओढावा लागतो. बहुतेक डॅक, सीडी प्लेयर १० के आरामात ओढतात, १ केला अनेकांचा दम निघतो. व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांवर चालणारे) सोर्स तर १० केलाही कुरकुरतात. त्यांच्या आउटपुटला कपॅसिटर असतो, आणि ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १० केच्या भारावर ३४ हर्ट्झपासूनच खर्ज कापायला लागतो. तिथे ५० के घ्यावा आणि केबल हातभरच ठेवावी. सोर्सच्या आउटपुटपेक्षा पॉट किमान दहापट आणि पॉटच्या तोंडाच्या रेझिस्टन्सपेक्षा अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट किमान दहापट, हा पडताळा घ्या. वरच्या ४७ केच्या अ‍ॅम्प्लिफायरला १० केचा पॉट यात सहज बसतो, २६ डेसिबलवरच्या बोर्डालाही बसतो. माझं मत स्पष्ट आहे: सोर्स आजच्या काळातला असेल तर पहिली डबी १० केचीच करा. आधी सांगितलेली १०० के आणि १५ केची तोडही सोर्सला पूर्ण आवाजावर १३ केसारखीच दिसते, त्यामुळे तीही चालते.

जोडणीत अवघड काही नाही, पण पाय ओळखून घ्या. पॉटचा दांडा तुमच्याकडे आणि पाय खाली, असा धरा. डावा पाय ग्राउंड, मधला अ‍ॅम्प्लिफायरकडे, उजवा सोर्सकडून. दोन्ही गँगचं तसंच. डावा-उजवा पाय उलटा लागला तर नॉब उलटा चालेल, नुकसान काही नाही. पण सोर्स मधल्या पायाला जोडला आणि आउटपुट टोकावरून घेतला, तर आवाज शून्यावर नेल्यावर सोर्सच थेट ग्राउंडला टेकतो. ते टाळा. इनपुट सॉकेटची बाहेरची कडी आणि आउटपुट सॉकेटची बाहेरची कडी पॉटच्या ग्राउंड पायाशी एकत्र आणा.

सोल्डर करताना सगळ्यात जास्त काळजी त्या डाव्या पायाची घ्या. तिथे ड्राय सोल्डर (नीट न धरलेला कच्चा डाग) राहिला आणि नंतर सुटला, तर वाटणी करायला खालची बाजूच उरत नाही, आणि नॉब खाली असतानाही जवळपास सगळाच सिग्नल अ‍ॅम्प्लिफायरला जातो. स्पीकर त्यातच जातात. पाय आधी ब्लेडनं हलकासा खरवडा, पेस्ट लावून त्यावर सोल्डरचा पातळ थर चढवा, तार पायाच्या भोकातून ओवून वळवा आणि मगच पक्का डाग द्या. डाग चमकदार आणि पायाला लपेटलेला दिसला पाहिजे, थेंबासारखा गोळा होऊन बसलेला नको. वायपरचा संपर्क क्षणभर सुटला तर अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट अधांतरी राहून घूंऽऽ करतो, म्हणून मधल्या पायापासून ग्राउंडला १०० केचा रेझिस्टर टाकून ठेवावा. १० केच्या पॉटवर त्याचा काही परिणाम होत नाही.

डबी धातूची हवी. प्लॅस्टिकच्या डबीला हात जवळ नेला की गुणगुण येते. बिस्किटाचा पत्र्याचा डबा चालेल, पण उद्यमबागेत ओळखीचा वर्कशॉपवाला असेल तर त्याच्याकडून अ‍ॅल्युमिनिअमच्या तुकड्यावर भोकं पाडून घ्या, काम देखणं होतं. डबीचा धातू ग्राउंडला एकाच जागी जोडा. पॉटचं अंग डबीला घट्ट आवळलं की तेही ग्राउंड होतं. आत २३० व्होल्टचं काही नसल्यानं शॉक बसायचा प्रश्न नाही. शाळकरी पोराकडूनही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करून घेता येईल. मात्र ही डबी कधीही अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरच्या मध्ये लावू नका. तिथला करंट या पॉटच्या कुवतीबाहेरचा, पट्टा जळून जाईल.

डबी झाली की बहुतेकांना पहिली तक्रार जाणवते ती अशी: नॉब अगदी खालच्या भागातच फिरवावा लागतो, आणि तिथे आवाज एका बाजूला कलतो. ते तेवीस डेसिबल आठवा. रात्रीच्या ऐकण्याला तीस-चाळीसही लागतात. साध्या पॉटचा रेझिस्टन्स मुळातच वीस टक्के इकडेतिकडे असतो आणि पट्ट्याच्या खालच्या टोकाला दोन गँग क्वचितच एकसारख्या असतात. तपासायला सोपं आहे. डबी सगळ्यांपासून सोडवा, नॉब रोजच्या जागी ठेवा आणि दोन्ही गँगचा मधला पाय ते ग्राउंड रेझिस्टन्स मोजा. बारा टक्क्यांचा फरक म्हणजे एक डेसिबल. कानानं तपासायचं असेल तर मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेलं) ध्वनिमुद्रण लावा. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं जुनं गाणं मोनोच असतं. गायक दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसलेला ऐकू यायला हवा. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. या पट्ट्यात अशी जुनी ध्वनिमुद्रणं जपणाऱ्या घरांची कमतरता नाही. आवाज कमी करत नेताना गायक हळूहळू डावीकडे किंवा उजवीकडे सरकू लागला, तर पॉट तिथून पुढे भरवशाचा नाही.

महागडा पॉट घ्यायच्या आधी एक स्वस्त उपाय करा. सोर्स आणि पॉटच्या उजव्या पायाच्या मध्ये दोन्ही बाजूंना २२ केचा, एक टक्का मेटल फिल्म रेझिस्टर घाला. १० केच्या पॉटबरोबर तो आधीच १० डेसिबल कापून देतो, आणि पॉट मधल्या, बऱ्या जुळणीच्या भागात येतो. पॉटच्या तोंडाचा रेझिस्टन्स आता पूर्ण आवाजावर सर्वांत जास्त, सुमारे ७ के होतो. ३ मीटर केबललाही ते चालतं. ४७ केच्या अ‍ॅम्प्लिफायरपुढे दहापटीचा पडताळा थोडा चुकतो, पण अडचण येत नाही; १५ केच्या बोर्डापुढे मात्र हा उपाय नको. ज्यांना याहून नेमकं हवं त्यांनी रोटरी स्विच घेऊन पायऱ्यांचा अ‍ॅटेन्युएटर करावा: ९.१ के वर आणि १ के खाली म्हणजे २० डेसिबल, १० के वर आणि ३३० ओहम खाली म्हणजे ३०, ५.१ के दोन्हीकडे म्हणजे ६. स्विच मेक-बिफोर-ब्रेक (पुढची पायरी टेकल्यावरच मागची सोडणाऱ्या) प्रकारचा मागा, नाहीतर प्रत्येक पायरीला ठक्क होईल.

आपल्याकडचा पावसाळा पॉटचा वैरी आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला चार महिने हवेत ओल असते, आणि उघडा कार्बन पॉट ती शोषून खरखरायला लागतो. बंद अंगाचा पॉट घ्यावा, डबीला भोकं ठेवू नयेत. खरखर आलीच तर पॉटसाठीच मिळणारा काँटॅक्ट क्लीनर पायांच्या फटीतून थोडा मारून नॉब पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे फिरवावा. रॉकेल किंवा शिलाई मशीनचं तेल सोडू नये, त्यावर धूळ बसून पट्टा आणखी लवकर जातो. पाऊस नसतानाही खरखर येत असेल तर मीटर डीसीवर ठेवून सोर्सचा आउटपुट मोजा. काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष पॉटचा नाही, सोर्समधला कपॅसिटर गळतोय.

रेकॉर्ड प्लेयरला ही डबी थेट लावता येत नाही. त्याला फोनो प्रीअ‍ॅम्प लागतोच, डबी त्याच्या नंतर. जुन्या कॅसेट डेकचा आउटपुट बहुधा अर्ध्या व्होल्टच्या आत असतो. तो कमी गेनच्या अ‍ॅम्प्लिफायरला लावला तर नॉब पूर्ण फिरवूनही गाणं लहानच वाटेल. तिथे प्रीअ‍ॅम्प्लिफायरचे पैसे खुशाल खर्च करावेत.